सरकत्या जिन्यावरचं जालना

"जालना? कौन सा जालना, महाराष्ट्र वाला?" मशिदीच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, आणि सर्जेराव तौर हो म्हणाले तेव्हा तो इतका खूश झाला की खुर्चीवरून अर्धा उठलाच. "अरे साहब, जालने की एक बाजी को मैं जानता था. बरसों जाना. रोज शाम को सलाम-दुआ होती थी. अब कई महीनों से दिखीं नहीं." सर्जेरावांना वाटलं, बाजी म्हणजे ताई, असेल कुणी. जालन्याची माणसं कुठं नाहीत, हाँगकाँगलाही असायचीच. त्यांनी आपलं सहज विचारलं, "यहींच रहते थे क्या वो?" "नहीं नहीं," म्हातारा हसला. "वो फोन में रहती थीं."

सर्जेरावही हसले. पण म्हातारा पुढं सांगतच राहिला. एक मुलगी रोज संध्याकाळी सरकत्या जिन्यानं वर जाताना इथं उतरायची, फोन असा समोर धरायची, आणि फोनमधली बाई म्हणायची, सलाम चाचा, तबीयत कैसी है. त्याच्या गुडघ्यासाठी तिनं निरगुडीचा पाला शेकायला सांगितला होता. तो काही इथं मिळाला नाही. त्याचे आजोबा इंग्रजांच्या पोलिसात भरती होऊन पंजाबातून इकडे आले, त्याचा जन्म इथलाच, हिंदुस्तान त्यानं कधी पाहिला नाही. "लेकिन जालने की छत देखी है," तो म्हणाला. "पीछे रस्सी पे कपड़े, काली टंकी, और टंकी के ढक्कन पे मसाला पीसने वाला पत्थर." तो पाटा सर्जेरावांनी स्वतःच गच्चीवर नेला होता. घरात मिक्सर आल्यावर, वाऱ्यानं टाकीचं झाकण उडू नये म्हणून. हा परका माणूस आठ महिन्यांपूर्वी गेलेल्या आपल्या बायकोबद्दल, गिरिजाबद्दल, बोलतो आहे हे त्यांना त्या पाट्यामुळं कळलं. "आप पहचानते हैं उनको?" म्हाताऱ्यानं विचारलं. सर्जेरावांच्या तोंडून निघून गेलं, "पहचान के है. हमारे गल्ली के." "मिलें तो कहना, चाचा ने सलाम भेजा है." "बोलता हूं," ते म्हणाले आणि वळून परत जिन्यावर उभे राहिले.

जिन्यावर उभं राहिलं की माणसाला काही करायचं उरत नाही. हा जिना खाली समुद्राकाठच्या बाजारातून निघतो आणि तुकड्यातुकड्यानं डोंगर चढत जातो. वर छप्पर, बाजू मोकळ्या, दोन्हीकडे हात लांबवला तर लागतील इतक्या जवळ लोकांच्या खिडक्या. एक तुकडा एका आडव्या रस्त्याशी संपतो, चार पावलं चालायची, पुढचा तुकडा धरायचा. सकाळी दहापर्यंत तो खाली वाहतो, कामावर जाणाऱ्यांना घेऊन, आणि दहा वाजले की उलटा फिरून रात्रीपर्यंत वर. तळापासून माथ्यापर्यंत वीस मिनिटं लागतात. सर्जेरावांनी जालन्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. डोंगराळ प्रदेशातील वसाहती हा धडा त्यांनी एकतीस वेळा घेतला, आणि सपाट मुलखातल्या पोरांना समोच्च रेषा कळाव्यात म्हणून दरवर्षी टेबलावर एक कांदा अर्धा कापून दाखवला. डोंगरावरचं शहर मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. गिरिजा गेल्यावर लेकीनं बोलावलं म्हणून ते इथं आले होते; लेक आणि जावई कामाला गेले की ते डबा घेऊन निघायचे, सकाळच्या जिन्यानं खाली यायचे, दहाची वाट बघायचे, आणि मग रोज एकेका आडव्या रस्त्याशी उतरून पाय दुखेपर्यंत डावीउजवीकडं हिंडायचे. पहिल्या दिवशी मासळीचा आणि भाजीचा बाजार. दुसऱ्या दिवशी जुन्या वस्तूंची दुकानं आणि उदबत्तीच्या धुरानं काळं पडलेलं एक देऊळ. मग गोऱ्यांच्या दारूच्या दुकानांचा उतार, मग धोब्यांची गल्ली, मग शाळा सुटायची वेळ असलेला एक चौक. या सहा दिवसांत त्यांना चक्क बरं वाटत होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. हे शहर आपण एकट्यानं, आपल्या पायांनी शोधून काढतो आहोत असं त्यांना वाटत होतं. आता जिन्याच्या दोन्ही बाजूंनी खिडक्या खाली सरकत होत्या, आणि एका खिडकीतल्या कुंड्या, एका खिडकीतलं मांजर, एका दारावरचा लाल कागद, हे सगळं गिरिजानं आधीच बघून ठेवलेलं असेल, हे त्यांच्या मनातून जाईना.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीनं, राजनंदिनीनं, बजरंगलाल शेटजींच्या अर्पितशी लग्न केलं होतं. बजरंगलाल म्हणजे जालन्यातलेच, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेले, मोंढ्यात दुकान, घरी मारवाडी आणि दुकानात अस्सल मराठवाडी बोलणारे. पोरगं चांगलं आहे हे सर्जेरावांनाही माहीत होतं. तो त्यांच्याच वर्गात होता, नकाशे सुरेख भरायचा. पण कुंभार पिंपळगावची तौरांची भावकी, थोरल्या भावाची नजर, कुणाच्या लग्नात आपल्याला कुठं बसवतील याची धास्ती. ते लग्नाला गेले नाहीत. शेटजी स्वतः घरी बोलवायला आले होते, तर सर्जेरावांनी त्यांना चहा पाजला आणि होय-नाही काही सांगितलं नाही. त्या रात्री त्यांनी गिरिजाला सांगितलं, "या घरात तिचा फोन वाजायचा न्हाई." गिरिजानं मान डोलावली होती. पुढं सहा वर्षं खरोखरच फोन वाजला नाही. तिनं त्याचा आवाज बंद करून टाकला होता.

रोज दुपारी साडेचारला ती गच्चीवर जायची. वाळलेले कपडे आणायला, उन्हाळ्यात कुरडया उलटायला, आणि वाळत घातलेलं काहीच नसलं तरी जायची. पाच वाजता खाली येऊन चहा टाकायची. सर्जेराव दुपारच्या झोपेतून साडेचारलाच उठायचे आणि चहाला अर्धा तास का लागतो म्हणून कुरकुरायचे. दुसऱ्या वर्षी एकदा टाकी भरून वाहायला लागली म्हणून ते जिना चढले आणि आठव्या पायरीवर थांबले. वर गिरिजा हसत होती. लग्नानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत, शहागडला माहेरी गेली की गोदावरीच्या काठावर बहिणींत बसून हसायची तसं. तिच्या कानात वायर होती, त्यामुळं पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. तरी पलीकडं कोण आहे हे कळायला एक क्षण लागला नाही. ते पाऊल न वाजवता खाली उतरले. पाणी वाहू दिलं. त्या संध्याकाळी चहा घेताना त्यांना आपल्याबद्दल फार चांगलं वाटलं होतं. मला कळलंय आणि मी बोललो नाही, एवढं मन कुणाचं असतं. मग आठवड्यातून एखाद्या वेळी ते त्या आठव्या पायरीवर जाऊन उभे राहू लागले. मिनिट, दोन मिनिटं. गिरिजाच्या बोलण्यातल्या फटींमध्ये लेकीचा आवाज असणार, एवढ्यावर ते समाधान मानायचे. भाजीचं काहीतरी चाललेलं असायचं, कुणा चाचाच्या गुडघ्याचं. त्यांना वाटायचं, गल्लीतलाच कुणी चाचा.

त्या संध्याकाळी राजनंदिनी घरी आली तेव्हा ते खिडकीशी बसले होते. ती एका जहाज कंपनीत कामाला होती, दिवसभर थंड खोलीत बसून तिचा आवाज नेहमी थोडा बसलेला असायचा. बूट काढता काढता तिनं विचारलं, "आज कुठं फिरलात बाबा?" ते म्हणाले, "मशिदीपाशी. तिथला म्हातारा भेटला." ती एक बूट हातात घेऊन तशीच थांबली. "काय म्हणाले चाचा?" "तुझ्या आईला सलाम सांगितला." राजनंदिनी खाली बसली. तिनं त्या म्हाताऱ्याला आई गेल्याचं सांगितलंच नव्हतं. आठ महिने ती तिथं उतरत नव्हती, तोंड फिरवून पुढचा जिना धरत होती. "रोज?" सर्जेरावांनी विचारलं. "रोज. मी सातला बाजारातून जिन्यावर चढायची, तुमच्याकडं तवा साडेचार. वर पोचेपर्यंत आई सोबत. रविवारी मला सुट्टी असली तरी उतरून यायची अन् तिच्यासाठी परत वर जायची." थोडं थांबून ती म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चला. मी दाखवते."

दुसऱ्या दिवशी सातला ते तिला बाजाराच्या तोंडाशी भेटले. ती पुढच्या पायरीवर, ते मागच्या. पहिला तुकडा संपायच्या आधीच ती म्हणाली, "हा सदर बाजार." सर्जेरावांना कळलं नाही. "आईनं जालन्यातली नावं दिली होती. हा सदर बाजार. पुढं उजवीकडं कमान दिसती ना, ती पाणीवेस. ते देवळापाशी चढाव आहे तो बडी सडक. जिथं गोरे लोक बसून पितात ते," ती हसली, "ते आई सांगायची न्हाई मोठ्यानं, पण आपले थोरले काका जिथं जाऊन बसायचे, त्या हॉटेलाचं नाव दिलं होतं. अन् सगळ्यात वर आपलं घर, तिथं पाण्याची मोठी टाकी आहे सरकारी, म्हणून मोती तलाव." भाजीवाल्या चिनी बाईनं राजनंदिनीला पाहिलं, मग मागच्या सर्जेरावांना, आणि अंगठा-करंगळी कानाला लावून फोनची खूण करत काहीतरी विचारलं. राजनंदिनीनं मान आडवी हलवली. बाईनं एक कोथिंबिरीची जुडी तिच्या हातात कोंबली. "आई हिच्याशी मराठीत भांडायची," ती म्हणाली. "कोथिंबीर शिळी दिली म्हणून. ही चिनीत भांडायची. दोघींना बराबर कळायचं." सर्जेराव ऐकत होते. गिरिजाला दिशा कळत नाहीत हा त्यांच्या घरातला जुना विनोद होता. पाहुणे आले की ते तिला मुद्दाम विचारायचे, सांग बरं, अंबड कुठल्या बाजूला? ती भलतीकडं हात करायची आणि सगळे हसायचे, ती पण हसायची. त्या बाईनं एका अख्ख्या डोंगराचा नकाशा तयार करून ठेवला होता, जिन्याच्या प्रत्येक तुकड्यासकट, आणि पाच वाजता खाली येऊन त्यांच्यासमोर चहा ठेवत होती. त्यांना तिचा राग आला. मेलेल्या माणसाचा येऊ नये तितका आला. तिनं सहा वर्षं रोज वीस मिनिटं सुखात घालवली होती आणि त्यातलं एकही त्यांना दिलं नव्हतं. मग वाटलं, मागितलं कधी?

माथ्यावर, जिथं जिना संपतो, तिथं रस्त्याच्या कडेला एक बाक आहे. राजनंदिनी तिथं बसली. घर दोन मिनिटांवर होतं तरी बसली, म्हणून तेही बसले. ती कोथिंबिरीच्या काड्या खुडत म्हणाली, "बाबा, मला एक सांगायचंय. जालन्यालाच सांगणार होते, राख सावडायला आल्ते तवा. माझी हिंमत झाली न्हाई." मग तिनं सांगितलं. आई जायच्या अकरा दिवस आधी, सोमवारी, आईनं तिला फोनवर सांगितलं होतं की जिना चढलं की छातीत कळ येते आणि डावा हात भरून येतो. "मी म्हणलं, आत्ताच्या आत्ता बाबांना सांग, दवाखान्यात जा. तर म्हणली, सांगते, सांगते, जरा दम धर. रोज विचारलं मी. रोज म्हणायची, आज सांगते. मी म्हणलं मीच करते बाबांना फोन. तर म्हणली, तू फोन केलास तर त्यांना कळंल आपण बोलतो ते, मंग हे बी बंद होईल. तिची शपथ घातली मला. अन् मी..." तिनं हातातली काडी दोन बोटांत चुरगळली. "मला बी ते बंद व्हायला नको होतं बाबा. माझ्या मतलबासाठी मी गप बसले. एक फोन केला असता तर वाचली असती ती. माझ्यामुळं गेली."

तो सोमवार सर्जेरावांना ठाऊक होता. त्या सोमवारी ते आठव्या पायरीवर उभे होते. छातीत कळ येते गं, जिना चढले की, डावा हात भरून येतो, हे गिरिजाचं वाक्य त्यांनी स्पष्ट ऐकलं होतं. त्या दिवशी एक शब्दही हुकला नव्हता. ते खाली येऊन खुर्चीत बसले, पाच वाजले, चहा आला, आणि त्यांनी मनाशी म्हटलं, सांगेल मला. नवऱ्याला सांगणार नाही तर कुणाला. मंगळवारी सांगेल. बुधवारी त्यांनी आडून विचारलंही, बरंय ना तुला? ती त्यांच्याकडं बघत राहिली, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाली, "बरंय की. का हो?" का, याला उत्तर देणं म्हणजे पायरी कबूल करणं होतं, चार वर्षांचं ऐकणं कबूल करणं होतं, फोन वाजायचा न्हाई हे आपलं वाक्य आपणच केव्हाचं गिळून टाकलं आहे हे कबूल करणं होतं. "काही न्हाई, सहज," ते म्हणाले. आधी लेकीला सांगते आणि मला नाही, हा डंखही होता. मग त्यांनी वाट बघितली. आठवडा गेला. आणखी चार दिवस गेले. शुक्रवारी सकाळी ती ओट्यापाशी कोसळली, आणि डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

आणि आता बाकावर राजनंदिनी तोंड झाकून रडत होती, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे बाळा," ते म्हणाले. "तुझी काय चूक. मी तुला काही बोलणार न्हाई." त्यांच्या कानांना तो आवाज फार मोठ्या माणसाचा वाटला. सात वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिचे केस उन्हात वाळलेल्या कपड्यांसारखे गरम होते. त्यांना वाटलं, आत्ता सांगावं. मग वाटलं, हे एवढं डोकं उचललं जाईपर्यंत थांबावं. तिनं डोकं उचललं, डोळे पुसले, म्हणाली, "चला, भाकरी करते तुमच्यासाठी," आणि ते उठले.

त्यानंतरचे दिवस फार गोड गेले. राजनंदिनीच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटलं होतं. ती त्यांना "बाबा हे खा, बाबा ते घाला" करू लागली, रस्ता ओलांडताना दंड धरू लागली, अर्पितही मोकळा होऊन शाळेतल्या गोष्टी काढू लागला, सर तुम्ही तो कांदा शेवटी घरी नेऊन भाजीत घालायचे का, म्हणून विचारू लागला. सर्जेराव हसायचे. रोज सकाळी डबा घेऊन खाली जायचे. पण आता जिना त्यांना सोसेना. मशिदीच्या तुकड्यावर ते तोंड फिरवून उभे राहायचे, तरी एकदा म्हाताऱ्यानं त्यांना पाहिलं आणि लांबूनच हात वर केला, बाजीला सलाम पोचला का, असं विचारल्यासारखा. त्यांनीही हात वर केला. भाजीवाली कोथिंबीर पुढं करायची, ती ते घ्यायचे. गिरिजाच्या वाट्याचं सगळं आता त्यांना मिळत होतं. लोकांच्या ओळखी, लेकीचा हात, संध्याकाळची वीस मिनिटं. आणि दर संध्याकाळी जिना चढताना राजनंदिनी कुठंतरी एखादं वाक्य टाकायचीच, "मी फोन करायला पाहिजे होता", आणि ते म्हणायचे, "सोड ते". हे म्हणताना त्यांना प्रत्येक वेळी थोडं बरं वाटायचं, याचीच त्यांना जास्त किळस येऊ लागली. ती झोपेत दचकते असं अर्पितनं एकदा सांगितलं. डॉक्टरकडं जाते, गोळी घेते, आठ महिने झाले. "तुम्ही माफ केलंत सर, फार मोठं काम झालं," तो म्हणाला.

परतायला पाच दिवस उरले तेव्हा राजनंदिनी म्हणाली, "तिकीट पुढं ढकलू या का? तिकडं एकटं राहून काय करता. इथंच राहा की. अर्पितला विचारलंय मी, तो बी हो म्हणला." हे जिन्यावर चाललं होतं, धोब्यांच्या गल्लीच्या वरच्या तुकड्यावर. त्या दिवशी सर्जेराव पुढच्या पायरीवर होते आणि ती मागच्या. तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच असेल, त्यांनी समोरच्या माणसाच्या पाठीकडं बघत बोलायला सुरुवात केली. "राजू, मला माहीत होतं." "काय?" "तुमचा फोन. दुसऱ्या वर्षापासून. मी जिन्यात येऊन उभा राहायचो." ती मागून हसली, हलकं, आश्चर्यानं, आणि काही गोड बोलणार असं त्यांना जाणवलं, म्हणून त्यांनी तिला बोलू दिलं नाही. "त्या सोमवारी बी होतो. छातीचं मी ऐकलं. अकरा दिवस मला माहीत होतं. मी वाट पाहून राह्यल्तो, ती मला कधी सांगती म्हणून." तुकडा संपला. पायरी सपाट झाली आणि त्यांना उतरावंच लागलं. मागून येणारे लोक दोन्ही बाजूंनी पुढं गेले. ते वळले. राजनंदिनी त्यांच्याकडं बघत होती, डोळे कोरडे, ओठ किंचित उघडे, हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखी. "मी तुमच्यापुढं रडले," ती म्हणाली. "त्या बाकावर. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला." "हो," ते म्हणाले. ती बाजूच्या दगडी पायऱ्यांनी चालत वर निघून गेली. ते पुढच्या जिन्यावर उभे राहिले आणि तिच्या आधी माथ्यावर पोचले, कारण जिना थांबत नव्हता. तिथं उभं राहून त्यांनी तिला एकेक पायरी चढून येताना पाहिलं. ती त्यांच्या शेजारून घराकडं गेली.

उरलेले पाच दिवस तिनं त्यांना वेळेवर जेवायला वाढलं, डबा भरून दिला, कपडे धुऊन घड्या घातल्या. एक वाईट शब्द बोलली नाही. तिकिटाचा विषय निघाला नाही. बाबा म्हणायची ती थांबली नाही, पण तुम्ही घ्या, तुमचं झालं का, एवढ्यापुरतंच बोलायची. अर्पितला तिनं सांगितलं असावं. तो सर म्हणायचा आणि मान खाली घालायचा. सर्जेराव जिन्यावर गेले नाहीत. फक्त निघायच्या आदल्या दिवशी मशिदीपर्यंत गेले, म्हाताऱ्यासमोर उभे राहून म्हणाले, "चाचा, वो बाजी गुजर गई. मेरी घरवाली थी." म्हातारा खुर्चीवरून उठला, दोन्ही हात वर करून काहीतरी पुटपुटला, आणि मग त्यानं फार विचित्र नजरेनं त्यांच्याकडं पाहिलं. पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं, असं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जायच्या दिवशी सकाळी अर्पितला लवकर निघावं लागलं, म्हणून त्यांना विमानतळाच्या गाडीपर्यंत सोडायला राजनंदिनी आली. सकाळचा जिना खाली वाहत होता. बॅग तिच्याजवळ होती. सगळं शहर त्यांच्याबरोबर न बोलता उतरत होतं, मोती तलावापासून सदर बाजारापर्यंत, आणि तिनं एकाही जागेचं नाव घेतलं नाही. स्टेशनात काचेच्या दारापाशी, जिथून पुढं तिला येता येणार नव्हतं, ती थांबली. "गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत," ती म्हणाली. "विमानात पाणी पीत राहा." "हो." "मी आता गोळी घेणं कमी करणार आहे. डॉक्टर हो म्हणले." "बरं झालं," ते म्हणाले, आणि ते त्यांना खरंच बरं वाटलं. पाच दिवसांत एवढं एकच बरं वाटलं होतं.

मग ती म्हणाली, "बाबा, एक गोष्ट मला तवा कळली न्हाई. आता कळली. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार न्हाई, म्हणून सांगते. त्या सोमवारी आई फार मोठ्यानं बोलून राह्यल्ती. नेहमी हळू बोलायची, त्या दिवशी पार वरडत होती. मी म्हणलं, आई, एवढी वरडतीस कशाला, मला बराबर ऐकू येतंय."

सर्जेरावांनी बॅग घ्यायला हात पुढं केला.

"तर म्हणली, तुझ्यासाठी न्हाई."

तिनं बॅगेची मूठ त्यांच्या हातात दिली, वाकून पायाला हात लावला, आणि कामावर जायला उशीर झाला होता म्हणून ती घाईघाईनं निघून गेली.